कोरडं अंग

३ एप्रिल २००२, बुधवार. चंद्रपूर.

सकाळी सव्वासहाला गाडी पोहोचली. दुपारी साडेतीनला माझ्या थर्मामीटरवर सावलीत ४१.६. आर्द्रता १४ टक्के.

रत्नागिरीहून निघताना सगळ्यांनी भीती घातली होती. प्रत्यक्षात मला इथली हवा आवडली. आमच्याकडे मे महिन्यात पारा चौतिसावर असतो आणि सकाळी नऊलाच पाठ भिजते, बाही दंडाला चिकटते. इथे दिवसभर उन्हात फिरले, कपाळावर टिपूस नाही. धुतलेले केस दहा मिनिटांत वाळले. इथले लोक आपल्या उन्हाविषयी जे सांगतात त्यात अतिशयोक्ती बरीच असावी. थोडा अभिमानही असावा.

खोली अयूब मिस्त्रींच्या घरात, वरच्या मजल्यावर. ते आमच्याच साइटवर सेंट्रिंगचे, म्हणजे काँक्रीटच्या साच्यांच्या कामाचे, प्रमुख आहेत. त्यांच्या पत्नी शमीमबाजींनी आल्याआल्या पाण्याचा तांब्या हातात दिला. अर्धा प्यायले तरी त्या जाईनात.

"पूरा पिओ बेटी."

तहान नाही म्हटलं.

"तहानेले कोन विचारून राह्यलं?"

पूर्ण प्यावा लागला.

९ एप्रिल, मंगळवार

साइट मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला. सहा लाख लिटरची पाण्याची टाकी, खांबांवर, जमिनीपासून पंधरा मीटर. काम ठरल्यापेक्षा एकोणीस दिवस मागे आहे. सहा महिन्यांची माझी उमेदवारी, पहिले चार महिने रत्नागिरीच्या साइटवर गेले, ३१ मे रोजी संपते. त्या दिवशी मागे किती दिवस आहोत, यावर मला कायम करायचं की नाही ते ठरेल. आमचे वरिष्ठ ठोंबरे साहेब यांनी इथे येताना नागपूरच्या ऑफिसात हे असंच सरळ सांगितलं. सरळ सांगितलेलं मला बरं वाटतं.

काम मागे का आहे हे आज एका दिवसात कळलं. सकाळी साडेपाचला सुरू होतं, अकराला थांबतं. मग साडेचारपर्यंत सगळी साइट कडुलिंबाखाली झोपते. पुन्हा अंधार पडेपर्यंत काम. अयूब मिस्त्रींना विचारलं, हे कुणी ठरवलं?

"कोनी ठरवलं नाई मॅडम. उन्हाळा लागला की असंच."

दुसरी गोष्ट म्हणजे पाणीवाली. सुगंधाबाई नावाची चाळिशीची बाई. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याकडे तिचं गाव. धान निघालं की ती आणि तिचा नवरा नानाजी इथे कामाला येतात. तिचं काम एकच: घागर आणि ओगराळं घेऊन दिवसभर फिरायचं, शिडी चढून वरसुद्धा, आणि प्रत्येकाला पाणी पाजायचं. पाण्यात मीठ आणि कैरीचा कीस. मागितलं म्हणून देत नाही, समोर उभी राहते. आज नानाजी फळीला खिळा ठोकत होता, नको म्हणाला.

"काऊन नको? उपास धरला का? पी मुकाट्यानं, नाई त डोक्यावर ओततो."

"बाप्पा, बायको आहे का हवालदार!" नानाजी म्हणाला. वरची आठही माणसं हसली. प्यायला.

मी मोजलं. दिवसाला सव्वीस फेऱ्या. एक पूर्ण मजूर यातच जातो. तहान लागली की माणूस पाणी पितोच. त्यासाठी कुणाला नेमावं लागत नाही.

२२ एप्रिल, सोमवार

तीन बदल केले. एक, विश्रांती बारा ते दोन. दोन, पाण्याचा ड्रम शिडीच्या पायथ्याशी, त्याला नळ; ज्याला हवं त्याने प्यावं. तीन, सुगंधाबाई आता खालच्या तुळयांवर पाणी मारेल.

तिसरा बदल सर्वांत आवश्यक होता. या हवेत ताज्या काँक्रीटमधून तासाला चौरस मीटरमागे एक लिटरपेक्षा जास्त पाणी उडून जातं. मी काढलं ते १.४ आलं. वरून काही दिसत नाही, पृष्ठभाग कोरडाठाक असतो, आणि आतून तडे जातात. म्हणून सतत ओलं ठेवायचं, गोणपाट झाकायचं, ओतकाम पहाटे करायचं, मिश्रणात बर्फ टाकायचा. आधीच्या इंजिनिअरने यातलं काहीच केलेलं नाही.

अयूब मिस्त्री ऐकून म्हणाले, "सिमेंटची लय काळजी आहे तुमाले."

तो टोमणा असावा.

२ मे, गुरुवार

४४.३. अकरा दिवसांत सहा दिवसांचं काम भरून निघालं. बर्फाच्या लाद्या मागवल्या, गोदामाशेजारी भुशात ठेवतो. पहाटेच्या ओतकामाला काँक्रीटचं तापमान ३१ मिळालं. एकही तडा नाही.

माणसं मात्र कुरकुरतात. वरचे लोक पाणी प्यायला पंधरा मीटर खाली येतात, पुन्हा चढतात. एका खेपेला बारा मिनिटं. त्यात नानाजी पुढे. आज चार वेळा उतरला. चौथ्यांदा मी शिडीपाशी उभी होते. म्हटलं, नानाजी, फिरायला आलात का?

तो ओशाळून हसला. "जीव सुकते मॅडम."

"कुणालाच घाम नाही आलेला. इतकं पाणी जातं कुठे?"

तो न पिताच परत चढला. त्याची पाठ पाहिली मी. सदरा कोरडा होता, त्यावर पांढरे मिठाचे डाग.

दुपारी माझ्या नाकातून दोन थेंब रक्त आलं. धुळीमुळे. डोकं संध्याकाळपर्यंत दुखत होतं. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा.

९ मे, गुरुवार

ठोंबरे साहेब येऊन गेले. काम आता फक्त आठ दिवस मागे. "कोकणातली माणसं ताठ असतात, ऐकून होतो," म्हणाले. कौतुक होतं. गाडीतला एसी सुरू ठेवूनच बोलत होते, काच चार बोटं खाली.

रात्री जेवताना शमीमबाजी म्हणाल्या, "तुमाले इथचं ऊन सोसलं म्हना." सोसण्यासारखं काही वाटलं नाही, असं खरं ते सांगितलं. त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हिले ऊन दिसूनच नाई राह्यलं." अयूब मिस्त्री खाली मान घालून जेवत होते.

त्यांना वाटतं ऊन म्हणजे घरातलं कुणी वडीलधारं आहे, त्याची मर्जी राखायची. मला ऊन म्हणजे एक आकडा वाटतो. दोन्हींत काम कशाने होतं हे साइटवर दिसतं आहे.

१४ मे, मंगळवार

दुपारी ४६.८. क्रमाने लिहिते.

अकराच्या सुमारास नानाजी फळ्या उलट्या लावू लागला. अयूब मिस्त्री साहित्य आणायला मूलला गेले होते. बारा ते दोन सगळे झाडाखाली झोपले. माणसं उठली तेव्हा नानाजी उठायला तयार नव्हता, मग उठला. दोन दहाला शिडीची पहिली पायरी चुकला. मी हाक मारली तर मला "वहिनी" म्हणाला आणि धान कुठवर आलं ते विचारलं. पाय लटपटत होते, डोळे लाल. स्टोअरकीपर पियुषला म्हटलं, हा प्यायलेला आहे. पियुष म्हणाला, "नानाजी? मॅडम, तो नाई पेत." मी म्हटलं, मग हे काय आहे?

प्यायलेल्या माणसाला परांचीवर चढू द्यायचं नाही, हा नियम आहे. नशा उतरेपर्यंत त्याला सिमेंटच्या गोदामात बसवायला सांगितलं. पुन्हा शिडीकडे जाऊ नये म्हणून बाहेरून कडी घातली. गोदाम पत्र्याचं आहे. आत नेताना मी त्याचा दंड धरला होता: कोरडा आणि तापलेला. उन्हातून आला होता. घाम नव्हता, म्हणजे फार दगदगही झाली नसावी, असं वाटलं.

रजिस्टरात लिहिलं: 'नानाजी, सेंट्रिंग मजूर, मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत. तोंडाला दारूचा वास. दु. २.१५ वा. कामावरून बाजूला केले.' सही.

चार वाजता सुगंधाबाई मागच्या तुळयांवरून आली. नवरा दिसला नाही म्हणून विचारलं. सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "घाम होता काय त्याले?"

तिला धीर यावा म्हणून म्हटलं, "नाही, अगदी कोरडं होतं अंग."

ती धावत सुटली. तिच्या हातातून पडलेला पाइप जमिनीवर पाणी सोडत राहिला.

कडी तिनेच काढली. तो सिमेंटच्या गोण्यांवर पडला होता, हातपाय झटके देत होते. तेवढ्यात अयूब मिस्त्री पोहोचले. ओरडले, "बर्फ आना! सगळा आना!" सहा लाद्या उद्या पहाटेच्या घुमटाच्या ओतकामासाठी होत्या. मी म्हटलं, दोन पुरतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सहाही फोडल्या.

पाच वाजता टेम्पोतून सरकारी दवाखान्यात नेलं. उद्याचं ओतकाम पुढे ढकलावं लागेल.

१५ मे, बुधवार

नानाजी सकाळी सहा चाळीसला गेला.

डॉक्टर वयस्क, इथलेच. मला बाहेर बोलावून विचारलं, कुठून आलात? मग म्हणाले, "पारा शेवटच्या रेघेला लागला होता. बडबडत होता का? तोल जात होता?" हो म्हटलं. "प्यायल्यासारखा?" हो. "तसंच दिसतं. लू डोक्यात गेली की माणूस असाच करतो. शेवटी घाम थांबतो. अंग कोरडं झालं म्हणजे आतलं पाणी संपलं. इथे लहान पोरालाही माहीत असतं हे."

मी विचारलं, या हवेत घाम येतच नाही ना?

"येतो. तुमच्यापेक्षा जास्त येतो. दिसायच्या आत उडतो."

तासाला चौरस मीटरमागे १.४ लिटर. हा आकडा माझ्याच वहीत होता.

दारूचा वास त्यांना आला नव्हता. मलाही आला नव्हता. धुळीसाठी माझ्या नाकावर रुमाल बांधलेला होता. दारू प्यायलेल्याला वास असतो, म्हणून तसं लिहिलं. हे फक्त इथे लिहिते आहे.

पोलिसांनी पंचनामा केला. रजिस्टरातली नोंद जशीच्या तशी उतरवून घेतली.

१८ मे, शनिवार

सुगंधाबाई गावाहून आली. सोबत अयूब मिस्त्री. मी ऑफिसच्या खोलीत होते. खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली.

तिच्या गावात दारूबंदी आहे. सात वर्षांपूर्वी बायकांनी भट्ट्या फोडल्या. त्यांच्या बाजूने उभा राहिलेला पहिला पुरुष नानाजी. गावाने ठराव केला, त्यावर सगळ्या घरांचे अंगठे आहेत: जो दारू पिऊन मेला त्याच्या तेरवीला, तेराव्याच्या जेवणाला, गावातलं कुणी जेवायचं नाही. दोन वर्षांपूर्वी नानाजीचा चुलतभाऊ लटारू मोहाची पिऊन विहिरीत पडला. तेव्हा मांडलेल्या पत्रावळीवरून पहिला उठला तो नानाजीच.

आता पोलीस पाटलाने पंचनामा वाचून दाखवला आहे. दवाखान्याच्या कागदावर उष्माघात लिहिलं आहे, ते तिने दाखवलं. लोक म्हणतात, पिऊन उन्हात पडला असन.

"तेरवी कधी आहे?" मी विचारलं.

"सत्तावीसले." मग म्हणाली, "मी भांडाले नाई आली, बाई. गेला तो गेला. तेवढा शब्द काढून द्या. त्यानं कधी बोट नाई बुडवलं त्याच्यात. लोकं जेवून गेले म्हंजे झालं माह्यं."

अयूब मिस्त्री म्हणाले, "दोन ओळी लिवा मॅडम. चूक झाली म्हून. खाली शिक्का. मी झेरॉक्स घेऊन सोता जातो गावाले."

विचार करून सांगते, म्हटलं. ती उठताना माझ्या टेबलावरच्या तांब्याकडे बघत होती. भरलेला होता, सकाळपासून तसाच. "पेत जा, बाई," म्हणाली.

तो उपरोध नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

२१ मे, मंगळवार

सुधारणेचा मसुदा केला. चार वेळा. प्रत्येक वेळी एका वाक्यातून दुसरं वाक्य निघतं. प्यायलेला नव्हता, तर मग काय होतं? ऊन लागलं होतं, तर गोदामात का ठेवलं? कडी कुणी घातली? पाणीवाली कुणी बंद केली? एक शब्द काढला तर सगळी परांची खाली येते.

ठोंबरे साहेबांना फोन केला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, "तोडणकर, नोंद तुमची, सही तुमची. मी बदला म्हणत नाही, बदलू नका असंही म्हणत नाही. तुमचं कायमचं पत्र माझ्या टेबलावर आहे, एकतीसला सही करीन. त्याआधी मला नवीन काही वाचायला लावू नका."

मी बरं म्हटलं.

आई-वडिलांना दरमहा पाठवते, भावाचं शिक्षण आहे, हे कारण लिहिणार होते. ते खरं आहे. पण ते नसतं तरीही मी 'बरं'च म्हटलं असतं, असं वाटतं.

२४ मे, शुक्रवार

४६.२. घुमट पूर्ण. तडा नाही. काम चार दिवस मागे.

अयूब मिस्त्रींनी सकाळी विचारलं, "झालं का मॅडम?" वरिष्ठांकडे विचारणा केली आहे, उत्तर आलेलं नाही, असं सांगितलं.

"सत्तावीसच्या आत येईन का?"

प्रयत्न करते म्हटलं. मी सहसा खोटं बोलत नाही. हे वाक्य खोटं की नुसतं अपुरं, ते ठरवता आलं नाही.

पाणीवाली पुन्हा सुरू करा, असं पियुषला सांगितलं. त्याने विचारलं, कोणाला नेमू? कुणालाही, म्हटलं.

२८ मे, मंगळवार

अयूब मिस्त्री काल साइटवरच्या चौघांना घेऊन तेरवीला गेले होते. आज सकाळी जिन्यात भेटले. मी विचारलं, नीट पार पडलं ना?

ते दोन पायऱ्या खाली उभे होते. तिथूनच बोलले.

"स्वयंपाक साठ जनाचा. भात, वरन, वांग्याची भाजी, बुंदी. पत्रावळी मांडल्या अंगनात. तिचा भाऊ घरोघर जाऊन आला बोलवाले. दारं उघडी होती मॅडम, लोकं आत बसून होते. कोनी नाई म्हनलं नाई. कोनी आलं बी नाई."

"कुणीच नाही?"

"लटारूची बायको आलती. बांधावर बसून राहिली, शेवटपर्यंत. जेवली नाई. बघाले आलती."

ते सांगत राहिले.

"आमी पाच जन बसलो. सुगंधाबाई वाढून राहिली. पोट भरलं तरी वाढून राहिली. पाचातल्या कोनीच नाई म्हनलं नाई. मग म्हनली, भाऊ, आता बस, तुमी तरी किती खासान. उरलेला भात ढोरायले टाकला."

"त्या परत येतील का कामाला?"

अयूब मिस्त्रींनी या प्रश्नावर जरा विचार केल्यासारखं केलं. "नाई," म्हणाले आणि उतरून गेले.

शमीमबाजी रोजच्यासारखा तांब्या देऊन गेल्या. पूर्ण पिते आहे का ते बघायला आज थांबल्या नाहीत.

३ जून, सोमवार

कायम झाल्याचं पत्र आलं. १ जूनपासून. काम दोन दिवस मागे. पत्रात 'समाधानकारक' असा शब्द आहे.

रजिस्टर काढलं. चुकीची नोंद दुरुस्त करायची पद्धत ठरलेली आहे. खाडाखोड करायची नाही. चुकीच्या मजकुरावर एकच सरळ रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. शेजारी बरोबर मजकूर, तारीख, सही, साक्षीदाराची सही. तसं केलं. 'मद्यप्राशन' आणि 'दारूचा वास' यांवर पट्टीने रेघ मारली. शेजारी 'उष्माघाताची लक्षणे. निरीक्षणात चूक' असं लिहिलं. शिक्का मारला. एकदा लिहायला बसल्यावर चार मिनिटं लागली.

साक्षीदार म्हणून अयूब मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, दोनदा वाचलं. पान बोटाने सरळ केलं.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," म्हणाले.

"झेरॉक्स काढून देते. गावाला पाठवता येईल."

"कोनासाठी?"

"त्यांच्यासाठी. रेकॉर्डला बरोबर असावं."

"सुगंधाबाई गावात नाई आता. भावासंगं गेली, सिरोंच्याच्या पल्याड, मिरचीच्या कामाले. घराले कुलूप आहे." पेन त्यांनी टेबलावर ठेवून दिलं, टोपण लावून. "मले वर बोलवून राह्यले, मॅडम. पानीवाली आली, पेलं नाई त बोंबलते."

साक्षीदाराची जागा रिकामी आहे. उद्या पियुषची सही घेईन.

दुपारी ४३.९. आर्द्रता २२.